जुना गेमिंग लॅपटॉप भंगारात देण्याआधी: मोजा, उघडा, साफ करा, मग खर्च करा

माझा लॅपटॉप २०१८च्या शेवटी घेतलेला. आय-फाइव्ह ८३०० एच प्रोसेसर, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची ती रडतखडत चालणारी हार्ड डिस्क. तेव्हा सोसायटीत मी राजा होतो. पाच-सहा वर्षांनी अशी वेळ आली की विंडोज चालू व्हायच्या आत चहा उकळून गाळून व्हायचा आणि गेम लावला की पंख्याचा आवाज ऐकून आई आतल्या खोलीतून विचारायची, मिक्सर कोण लावलाय रे एवढ्या रात्री.

मग एका पावसाळ्यात तो चालूच होईना. लाईट लागते, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. मी घाबरून एका दुकानात नेला तर काउंटरवरच्या माणसाने न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड गेला, अठरा हजार. घरी आणला, मित्राला फोन केला, त्याने सांगितलं तसं मागचं झाकण काढून रॅमची पट्टी बाहेर काढली, तिच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवला, परत बसवली आणि लॅपटॉप चालू. अठरा हजारांचं काम पाच रुपयांच्या खोडरबराने झालं. आपल्याकडची दमट, खारी हवा अशा टोकांवर थर चढवते, पावसाळ्यात जास्तच. तेव्हापासून घरच्यांचे, मित्रांचे मिळून बरेच लॅपटॉप उघडलेत, त्यातून जे शिकलो ते सगळं इथे ओततोय.

आधी मोजा

स्क्रूड्रायव्हर नंतर. आधी एक संध्याकाळ नुसतं बघण्यात घालवा, कारण स्लो झालाय म्हणजे नक्की काय झालंय हे कळल्याशिवाय पैसे टाकले तर हमखास चुकीच्या जागी जातात.

एचडब्ल्यू-इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, सेन्सर्सवाली खिडकी उघडी ठेवा आणि तुमचा नेहमीचा जड गेम अर्धा तास खेळा. मग मॅक्झिममचा कॉलम बघा. सीपीयू (मुख्य प्रोसेसर) ९५-१०० डिग्रीला चिकटलाय, थर्मल थ्रॉटलिंगसमोर (तापल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो ते) येस लिहिलंय आणि क्लॉक स्पीड खाली पडलाय, तर तुमचा लॅपटॉप म्हातारा झालेला नाही, तो गुदमरतोय. माझा सीपीयू ४ गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो, तो गेममध्ये २च्याही खाली रांगत होता. आणि हे मे महिन्यात दुपारी बघू नका, किंवा बघितलं तर नंतरची तुलनाही तशाच दिवशी करा, कारण खोली पाच डिग्रीने गरम असली की आतले आकडेही साधारण तेवढेच वर सरकतात.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. गुडच्या जागी पिवळं कॉशन दिसलं तर सगळं सोडून आधी बॅकअप घ्या, फोटो, कॉलेजची कामं, सगळं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल आणि हार्ड डिस्कवरच विंडोज असेल तर दुखणं सापडलं.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवर-सीएफजी कमांडला स्लॅश लावून बॅटरी-रिपोर्ट जोडा, एक वेब पेजसारखी फाइल बनते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या अर्ध्याच्या आसपास आला असेल तर बॅटरी बदलायचा विचार करा. रॅमचं टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्येच कळतं, किती वापरात आहे आणि दोनपैकी किती स्लॉट भरलेत.

काय बदलता येतं आणि काय नाही

ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही. हे एकदा मनाला समजावून घ्या. जवळपास सगळ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये सीपीयू आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) दोन्ही बोर्डवर सोल्डर केलेले असतात, त्यामुळे भावा ३०६० टाकून मिळेल का असं दुकानात जाऊन विचारू नका, हसतात. बाहेरून डबा लावून मोठं कार्ड जोडता येतं पण त्याला थंडरबोल्ट पोर्ट लागतं आणि तो डबा, कार्ड, पॉवर सप्लाय असा हिशोब केला की सेकंडहँड डेस्कटॉप पडतो त्यात.

बदलता येतं ते एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क), बहुतेक वेळा रॅम, बॅटरी, वायफाय कार्ड, पंखे, कीबोर्ड, स्क्रीन, बिजागऱ्या. आणि सगळ्यात मोठा फरक पाडणाऱ्या दोनच गोष्टी, आतली सफाई आणि एसएसडी. याच क्रमाने जा. रॅम तिसरी. बाकी सगळं गरज पडली तरच.

उघडताना

हत्यारं फार लागत नाहीत. पीएच शून्य आणि पीएच डबल शून्य टोकांचा बरा स्क्रूड्रायव्हर (दहा रुपयेवाला नको, तो स्क्रूचं डोकंच खातो), गिटारचं पिक किंवा एक्स्पायर झालेलं बँकेचं कार्ड, मऊ ब्रश, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, चष्मा पुसायचं कापड. स्क्रूसाठी फ्रीजमधला बर्फाचा ट्रे सगळ्यात बेस्ट, खालच्या झाकणाचे एका खणात, पंख्याचे दुसऱ्यात. यूट्यूबवर तुमच्या मॉडेलचं नाव आणि डिसअसेंब्ली असं शोधा आणि एकदा पूर्ण बघून घ्या, उघडल्यावर नाही, आधी. कितीतरी मॉडेल्समध्ये एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपवलेला असतो, तो राहिला आणि आपण झाकण ओढत बसलो की प्लास्टिक फाटतं.

शट डाऊन करा, चार्जर काढा. झाकण सुटलं की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढणं, बाकी कशालाही हात लावण्याआधी. वायर धरून ओढायची नाही, कनेक्टरला दोन्ही बाजूंनी नखाने थोडं थोडं सरकवायचं. मग पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, उरलेला करंट निघून जातो. खिडकीच्या लोखंडी ग्रिलला हात लावून आलात की अंगातली स्टॅटिकही जाते. मुंबईच्या दमट हवेत स्टॅटिकची भीती तशी कमी, पण एसीत आणि गालिच्यावर बसून हे काम करू नका.

मोबाइलने फोटो काढत रहा, प्रत्येक पायरीला एक. चपट्या पट्टीसारख्या केबल्सना एक इवलीशी झडप असते, ती नखाने वर उचलल्यावर केबल आपोआप सैल होते, तिला जोर लागत असेल तर तुम्ही काहीतरी चुकताय. आणि स्क्रूंच्या लांब्या सारख्या नसतात बरं का, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं नाहीतर बोर्डला भोक.

सफाई आणि पेस्ट

खरी जादू इथे आहे म्हणून जरा निवांत सांगतो.

नुसता वरून ब्लोअर मारून उपयोग नसतो. पंखा आणि तांब्याच्या त्या बारीक जाळीच्या मध्ये धूळ साचून चक्क गोधडी तयार झालेली असते, ती बाहेरून दिसत नाही. आमच्या घराजवळ टॉवरचं बांधकाम चालू आहे आणि मुंबईत कुठे नाही, त्यामुळे ती सिमेंटची बारीक पूड आणि दमटपणा मिळून थर असा बसतो की चिमट्याने उचलून काढावा लागतो. पंख्याचे स्क्रू काढा, पंखा वेगळा करा, जाळीतली गोधडी काढा, पाती ब्रशने साफ करा. हवा मारायची असेल तर पाती बोटाने धरून ठेवा, पंखा उलटासुलटा भन्नाट फिरला की त्याचं बेअरिंग जातं.

मग हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग. त्याच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे असतात, काढताना उलट्या क्रमाने थोडे थोडे सैल करायचे, लावताना सुलट्या क्रमाने. चिप आणि त्याच्या मधली थर्मल पेस्ट वाळून चिकटलेली असते तेव्हा झटका देऊन ओढू नका, काम करायच्या आधी लॅपटॉप दहा मिनिटं चालवून गरम केला असेल तर हलकं डावं-उजवं करून सुटतो. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, दोन्ही बाजू आरशासारख्या दिसेपर्यंत.

आता नवीन काय लावायचं यावर लोक मारामाऱ्या करतात. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखी धातूची टोपी नसते, उघडं सिलिकॉन असतं, तापून-गार होऊन पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. त्यामुळे काही पातळ भारी पेस्ट पहिल्या महिन्यात झकास आणि चार-सहा महिन्यांत परत जैसे थे, असा अनुभव येतो. आर्क्टिकची एमएक्स-फोर सहज मिळते, पहिल्यांदा करणाऱ्याने तीच घ्यावी. चिपचा कानाकोपरा झाकला जाईल असा पातळ थर द्या, मध्ये वाटाणा ठेवून मोकळे होऊ नका, कारण उघड्या चिपवर एखादा कोपरा कोरडा राहिला तर तिथेच तापते. थोडा पुढचा खेळ करायचा असेल तर हनीवेलचं पीटीएम ७९५० घ्या. ही पेस्ट नाही, पातळ पापडासारखी पट्टी आहे, साधारण ४५ डिग्रीला वितळून पसरते आणि बाजूला ढकलली जात नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकते. लावायच्या आधी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर वरचं प्लास्टिक सोलताना पट्टी बोटाला येते (पहिली मी अशीच वाया घालवली). लिक्विड मेटलच्या नादी लागू नका. ते वीज वाहून नेतं, एक थेंब घरंगळला की खेळ खल्लास, आणि ॲल्युमिनियमला तर खातंच.

आजूबाजूच्या मेमरी चिप्सवर जे मऊ पॅड असतात त्यांना शक्यतो हात लावू नका. फाटले असतील तर जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे टाका. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा टाकला तर हीटसिंक त्या बाजूने उचलला जातो आणि मग मुख्य चिपला टेकतच नाही, पेस्ट कितीही भारी असो.

माझा सीपीयू ९७ वरून ८१ वर आला, त्याच गेममध्ये, त्याच खोलीत. आईने मिक्सरबद्दल विचारणं बंद केलं.

एसएसडी

झाकण उघडं आहेच तर एम.२ स्लॉट (बोर्डवरच एसएसडी बसवायची खाच) बघून घ्या. त्यात दोन जाती असतात, साटा आणि एनव्हीएमई, आकार सारखाच त्यामुळे लोक गंडतात. साटावाली सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई जेन थ्री (तिसरी पिढी) ३५०० पर्यंत. काही जुन्या स्लॉटमध्ये फक्त साटाच चालते, म्हणून कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल वाचा. जेन फोर घेतली तर जुन्या लॅपटॉपवर जेन थ्रीच्या वेगानेच चालेल, बिघडत काही नाही पण जास्तीचे पैसे कशाला. खरं सांगायचं तर हार्ड डिस्कवरून साटावर जाताना जो आनंद होतो तो साटावरून एनव्हीएमईवर जाताना होत नाही. एम.२ स्लॉटच नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्या जागी बसते, तेवढ्यानेही काम होतं.

विंडोज नवीन टाका असं माझं मत. क्लोनझिला या सॉफ्टवेअरने जुनी जशीच्या तशी उचलता येते पण सात वर्षांचा कचराही बरोबर येतो. लायसन्सची काळजी नको, ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं, इंटरनेट लागलं की विंडोज स्वतःच ॲक्टिव्हेट होते. टाकताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा. मी नव्हती काढली, तर विंडोज नवीन एसएसडीवर गेली आणि बूटचं पार्टिशन जुन्या डिस्कवर, सहा महिन्यांनी ती डिस्क काढली आणि लॅपटॉप उठेचना. आणि ११व्या पिढीचा किंवा पुढचा इंटेल असून इन्स्टॉल करताना डिस्क दिसतच नसेल तर घाबरू नका, कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तिथेच लोड करा.

विंडोजचा विषय निघालाच आहे तर, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलची ८वी पिढी आणि पुढे असेल तर ११ अधिकृतपणे बसते, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डची सेटिंग्ज) टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंग्ज चालू करा. ७वी पिढी बहुतेक सगळी यादीबाहेर. तसंच जीटीएक्स १०५०, १०६० वाल्यांनो, एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर त्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलंय, ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. जुने गेम चालणारच, पण नव्या गेमच्या आशेवर त्या मशीनवर फार खर्च करू नका. १६५० वाले अजून सुरक्षित आहेत.

रॅम

८ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी ८ची टाका. फायदा नुसता जागेचा नाही, दोन पट्ट्या झाल्या की ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणं) लागतं आणि गेममधले ते मधूनच बसणारे धक्के कमी होतात. डीडीआर थ्री-एल, फोर, फाइव्ह एकमेकांत बसत नाहीत, खाचा वेगळ्या असतात. ३२००ची पट्टी २६६६वाल्या लॅपटॉपमध्ये २६६६ने चालेल. पट्टी तिरकी घालायची, मग खाली दाबायची, दोन्ही कड्या टक्क वाजल्या पाहिजेत. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, लगेच बटण दाबत सुटू नका. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की नवीन घेण्याआधी सेकंडहँडही बघा, फक्त मेमटेस्ट ८६ रात्रभर लावून तपासा.

बॅटरी, चार्जर आणि तो झटका

टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय? बॅटरी फुगलीय. वापर त्याच दिवशी बंद. दाबायची नाही, टोचायची नाही, हवा काढूया म्हणून सुई तर अजिबात नाही, आग लागते. काढून लादीवर, पडद्यांपासून लांब ठेवा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, २०२२ प्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, सर्व्हिस सेंटरला विचारा. नवीन घेताना पार्ट नंबर जुळवा, नुसतं मॉडेलचं नाव जुळून भागत नाही. आणि दिवसभर चार्जिंगवरच असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये ६० किंवा ८० टक्क्यांची मर्यादा लावा.

चार्जर बदलताना व्होल्ट तेच आणि वॅट तेवढेच किंवा जास्त. १५०च्या जागी ९० वॅटचा लावून लोक म्हणतात गेम अडकतो, अडकणारच.

जुन्या चाळीत, इमारतीत राहणाऱ्यांसाठी खास: लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष बहुतेक वेळा लॅपटॉपचा नसतो, बोर्डात अर्थिंग नाही किंवा तुम्ही तीन पिनचं टू-पिन करणारं ते अडॅप्टर लावलंय. इलेक्ट्रिशियन बोलवा.

बिजागरी, कीबोर्ड, वायफाय

बिजागरी स्वतः क्वचित तुटते, ती ज्या प्लास्टिकच्या खुंट्यांत बसते त्या उपटतात, कारण ती घट्ट झालेली असते आणि आपण एका कोपऱ्याने स्क्रीन उघडतो. कर्रर आवाज येतोय तेव्हाच उघडून तिचा नट पाव फेरा सैल करा. खुंटी निघालीच असेल तर जागा खरवडून, पुसून, अराल्डाइट भरून एक पूर्ण दिवस न हलवता ठेवा. दिसायला गावठी, टिकायला पक्कं.

कीबोर्ड शेवटी. बऱ्याच मॉडेल्समध्ये तो वितळवलेल्या प्लास्टिकच्या खिळ्यांनी जोडलेला असतो, शंभरेक खिळे. बाहेरचा कीबोर्ड लावा आणि सुखी व्हा. वायफाय कार्ड मात्र पाच मिनिटांचं काम, जुन्या इंटेल मशीनला एएक्स २१० घ्या, एएक्स २०१ नको, ते १०व्या पिढीपासूनच चालतं.

उरलेलं सॉफ्टवेअरने

थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूचं व्होल्टेज थोडं कमी करता येतं, ५० मिलिव्होल्टपासून सुरू करून दहा-दहाने खाली जा, हँग झाला की वीस मागे या. २०१९च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी बाहेर आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी बायोस अपडेटमधून ही सोय बंद केली. तुमच्याकडे बंद असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, टर्बो (सीपीयूचा जादा वेग) बंद होतो, तापमान धाडकन उतरतं. गेममध्ये फ्रेम सेकंदाला ६०वर बांधा. मागची बाजू दोन बाटल्यांच्या बुचांवर उचलून ठेवा, हसू नका, चार-पाच डिग्री मला मिळाल्यात.

लॅमिंग्टन रोडला जाताना

लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय पाकीट काढायचं नाही. जीएसटीचं बिल घ्या आणि वॉरंटी दुकानाची की कंपनीची ते बिलावर लिहून मागा. एसएसडी घरी आणली की लगेच क्रिस्टलडिस्कइन्फोत पॉवर ऑन अवर्स बघा, नवीन म्हणून घेतलेल्यात हजार तास दिसले तर दुसऱ्याच दिवशी परत जा.

लॅपटॉप दुरुस्तीला ठेवायचा असेल तर आधी आतले फोटो काढा, रॅम आणि एसएसडीचे सिरियल नंबर दिसतील असे, आणि शक्य असेल तर एसएसडी घरीच काढून ठेवा. जीपीयू गेला, गरम करून देतो असं कोणी म्हणालं तर किती महिन्यांची गॅरंटी ते विचारा. महिन्याचीच देत असेल तर तो लॅपटॉप किती दिवस चालेल हे त्याने सांगितलंच की.